इस्तंबूलचा बाजार आणि अब्बांची वही

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाईजान आणि भाभींसोबत उमराहला जाऊन आले. परतीच्या वाटेवर चार दिवस इस्तंबूल होतं. घरी आल्यावर पहिले दोन दिवस लोकांनी मक्का-मदिन्याचं विचारलं, जमजम डोळ्यांना लावलं, खजूर खाल्ले. तिसऱ्या दिवसापासून मात्र एकच प्रश्न सुरू झाला, "बाजी, इस्तंबूलला काय घेतलं? कुठे घेतलं? स्वस्त आहे का?" स्टाफरूममध्ये तोच, गल्लीत तोच. तुर्की मालिका पाहून आमच्याकडच्या बायकांना इस्तंबूल आता पुण्या-मुंबईइतकं ओळखीचं वाटतं. म्हणून एकदाच लिहून टाकते. पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल. आणि खरेदी करता करता जे मला विकत न घेता मिळालं, तेही सांगून होईल.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. हे शहर बोस्फोरसच्या दोन्ही काठांवर पसरलेलं आहे, एक काठ युरोपात आणि दुसरा आशियात. मी ज्या बाजारांबद्दल सांगणार आहे ते सगळे युरोपच्या बाजूला, जुन्या शहरात, एकमेकांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत.

माझ्याकडे यादी होती. अम्मीला जानमाज आणि डोक्यावर घ्यायला मऊ रुमाल. शेजारच्या काकूंना केशर. त्यांनी पाचशेची नोट जबरदस्तीने पर्समध्ये कोंबली होती, "गणपतीच्या शिऱ्याला लागतं गं, तिकडचं अस्सल असेल." मुलाला फुटबॉलची जर्सी. स्टाफरूमसाठी मिठाई. आणि यादीच्या तळाशी माझ्यासाठी, "एखादं पुस्तक".

शनिवारी रात्री पोहोचलो. रविवारी सकाळी भाभी तयार होऊन बसल्या, "चलो, बड़े बाजार कू." हॉटेलच्या काउंटरवरच्या पोराने हसून मान हलवली आणि म्हणाला, "टुडे पाझार. बाजार क्लोज." मला वाटलं पोराची इंग्रजी कच्ची आहे. नंतर कळलं. तुर्कीत पाझार म्हणजे बाजार आणि पाझार म्हणजेच रविवार. आणि ज्या दिवसाचं नावच बाजार, नेमका त्याच दिवशी शहरातला सगळ्यात मोठा बाजार बंद असतो! तेव्हा पहिला धडा हा. कापाली चार्शीला, म्हणजे त्या जगप्रसिद्ध झाकलेल्या बाजाराला, रविवारी जाऊ नका.

त्या रविवारी मग आम्ही खाली एमिनोन्यूला गेलो, समुद्राकाठी. तिथे मिसिर चार्शी आहे, मिस्री बाजार. १६६० च्या दशकात बांधलेला, शेजारच्या येनी जामी मशिदीच्या खर्चासाठी. बाजाराच्या भाड्यातून मशीद चालायची. आपल्याकडे दर्ग्याच्या आणि मशिदीच्या वक्फच्या दुकानांचं जे आहे, तेच. आत गेलं की मसाल्यांच्या राशी, सुका मेवा, लोकुम नावाची ती पिठीसाखर लावलेली मिठाई, चहाचे नाना प्रकार. प्रत्येक दुकानदार चव घ्यायला काहीतरी हातावर ठेवतो. भाईजानचं दुपारचं जेवण तिथेच झालं म्हणायला हरकत नाही.

एका दुकानात केशराचा ढीग दिसला. ढीग! आपल्याकडे केशर काडीने मोजतात आणि इथे टोपलंभर. भाव विचारला तर इतका कमी की भाभींनी लगेच पर्स उघडली. मी चिमूटभर हातावर घेतलं. पाकळ्या पातळ, चुरगळलेल्या, नारिंगी. वास जवळजवळ नाहीच. आणि एकदम ओळख पटली. ही तर करडई! मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला करडईचं फूल कोणत्याही वेशात ओळखता येतं. लहानपणी अब्बांसोबत शेताच्या बांधावरून जाताना त्या काट्यांनी पायांवर ओरखडे काढलेले आहेत. सुकलेल्या पाकळ्या केशर म्हणून विकायच्या ही युक्ती जुनी आहे. खरं केशर म्हणजे लांबट, गडद लाल, टोकाकडे किंचित रुंद होणारा धागा. पाण्यात टाकला की रंग हळूहळू सुटतो आणि धागा लालच राहतो. दुकानदाराला मी मराठीतच म्हणाले, "दादा, हे आमच्याकडे तेलासाठी लावतात." त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो हसला आणि काउंटरखालून काचेची छोटी डबी काढली. ती डबी खरी होती. काकूंच्या पाचशे रुपयांत दोन चिमट्या आल्या.

मसाले आणि मिठाई घ्यायची असेल तर या बाजाराच्या बाहेर, भिंतीला लागून ज्या गल्ल्या आहेत तिथे घ्या. तिथे स्थानिक माणसं पिशव्या घेऊन उभी असतात आणि भाव पाटीवर लिहिलेला असतो. तिथल्याच एका कोपऱ्यावर मेहमत एफेंदींचं कॉफीचं दुकान आहे, १८७१ पासूनचं. ताज्या भाजलेल्या कॉफीचा वास गल्लीभर असतो आणि रांग कायम. दुकान शोधावं लागत नाही, नाक नेतं.

सोमवारी कापाली चार्शी. सुलतान मेहमद फातेहने इस्तंबूल जिंकलं १४५३ मध्ये आणि दोन-तीन वर्षांतच या बाजाराच्या मधल्या इमारतीचं काम सुरू केलं. आज आत साठ-एक गल्ल्या आहेत आणि दुकानं हजारांत. गल्ल्यांना जुन्या धंद्यांची नावं आहेत. कल्पाकचीलार म्हणजे कल्पाक टोप्या करणाऱ्यांची गल्ली, फेसचीलेर म्हणजे फेज टोपीवाल्यांची. शेवटचा 'लार' किंवा 'लेर' अनेकवचनाचा, आणि 'ची' म्हणजे तो धंदा करणारा. आपले तोपची, मशालची, खजानची आठवा. तो 'ची' याच घरातला. फेज टोपी १९२५ मध्ये कायद्याने बंद झाली, गल्लीचं नाव राहिलं. कल्पाकवाल्यांच्या गल्लीत आता सगळी सोन्याची दुकानं आहेत. तिथून आम्ही भाभींना हाताला धरून बाहेर काढलं.

भाव करण्याबद्दल सगळे विचारतात. इथे करावाच लागतो, आणि न केला तर दुकानदारालाच चुकल्यासारखं वाटतं. चहा येतो, छोट्या कमरेच्या ग्लासात. चहा पिण्याने काही बांधील होत नाही, हे मनाला सांगत राहावं लागतं. मी जानमाजचा भाव निम्म्यापासून सुरू केला, दुकानदाराने छातीवर हात ठेवला, मी उठले, त्याने बसवलं. आपल्या आठवडी बाजारात जे होतं ते सगळं झालं. शेवटी पैसे हातात घेताना तो म्हणाला, "सिफ्ताह." नोट हनुवटीला लावली आणि पुढे काहीतरी पुटपुटला, त्यात 'बरेकेत' हा शब्द होता. मला कुणी सांगायची गरज नव्हती. ही भवानी होती, सकाळची पहिली बोहनी. माझे अब्बा पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे डोळ्यांना लावून गल्ल्यात टाकायचे आणि म्हणायचे, "अल्लाह बरकत दे." तोच हात, तोच शब्द.

अब्बांचं तालुक्याला किराणा दुकान होतं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्या नोटेनंतर दिवसभर ते माझ्या बाजूने चालत होते असं वाटलं.

त्या दिवशी मी यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला शब्द लिहायला घेतले. मास्तरकीची खोड. दुक्कान. हेसाप, म्हणजे हिशेब. साबून. केफेन, तो तर शेवटचाच कपडा. कियमा, आपला खिमा. देफ्तेर, म्हणजे वही. कितप, कालेम, साआत. जेप म्हणजे खिसा, उर्दूतली जेब. दुपारपर्यंत पान भरलं. ऐकताना शब्द आपले वाटायचे, पाटीवर पाहिले की परके. कारण पाटीवर ते इंग्रजी अक्षरांत होते.

आणि मग मी वर पाहायला लागले.

बाजाराच्या एका दरवाज्यावर सुलतानाचा तुग्रा आहे आणि दगडात अरबी अक्षरं कोरलेली आहेत, "अल-कासिबु हबीबुल्लाह". कमावणारा अल्लाहचा दोस्त. दुकानदाराच्या दारावर याहून चांगलं काय लिहावं? खालून हजारो माणसं जात होती. वर कुणी पाहत नव्हतं. थोडं पुढे बायेझितच्या मैदानात इस्तंबूल विद्यापीठाची भव्य कमान आहे. तिच्यावर विद्यापीठाचं नाव तुर्की लॅटिन अक्षरांत आहे, पण मोठ्या सोनेरी अक्षरांत जे कोरलंय ते मी सहज वाचलं, "दायरा-ए-उमूर-ए-अस्करिया". लष्करी कामकाजाचं कार्यालय. तिथे उस्मानी काळात युद्धखातं होतं. उर्दू सातवीतला चांगला विद्यार्थी ते वाचेल आणि त्याचा अर्थही सांगेल. खालून विद्यापीठाची पोरं-पोरी पाठीवर बॅगा टाकून जात होती, त्यांच्यासाठी ती नक्षी होती.

१ नोव्हेंबर १९२८ ला तुर्कस्तानने कायदा केला आणि अरबी लिपी सोडून लॅटिन घेतली. त्याच डिसेंबरपासून वर्तमानपत्रं आणि पाट्या, पुढच्या वर्षापासून पुस्तकं, सगळं नव्या अक्षरांत. त्यामागची कारणं होती. साक्षरता फार कमी होती, आणि जुनी लिपी तुर्कीच्या आठ स्वरांना पुरत नव्हती, हेही खरं. त्याची चिरफाड करायला मी बसलेली नाही. नव्या अक्षरांनी करोडो माणसं वाचायला शिकली. पण आजोबांचं पत्र नातवाला वाचता येत नाही, हेही त्याच कायद्याने झालं.

मंगळवारी मी एकटी निघाले. भाभी महमूदपाशाला गेल्या होत्या. कापाली चार्शीपासून एमिनोन्यूकडे उतरणारा तो रस्ता म्हणजे कपड्यांचा पूर. लग्नाचे पोशाख, मुलांच्या सुन्नतीचे पांढरे शहजादी कपडे, त्यावर 'माशाल्लाह' लिहिलेला पट्टा. कपडे घ्यायचे असतील तर इथेच घ्या. स्थानिक लोक इथेच घेतात. मला मात्र यादीतली शेवटची ओळ पूर्ण करायची होती.

बायेझित मशीद आणि कापाली चार्शीच्या मधे सहाफलार चार्शी आहे, पुस्तकांचा बाजार. 'सहाफ' म्हणजे जुनी पुस्तकं विकणारा, सहीफा शब्दाच्या कुळातला. छोटं अंगण, वर झाडं, भोवती दुकानं. मधे इब्राहिम मुतेफेर्रिकाचा पुतळा आहे. त्याने १७२९ मध्ये उस्मानी तुर्कांच्या छापखान्यातलं पहिलं पुस्तक छापलं, आणि ते पुस्तक होतं शब्दकोश! मला तिथेच त्याला सलाम करावासा वाटला.

बहुतेक दुकानांत आता परीक्षांची पुस्तकं आणि पर्यटकांसाठी चित्रं असतात. एका दुकानात मात्र लाकडी पेटीत जुनी पोस्टकार्डं होती, एकेक प्लास्टिकच्या पाकिटात. मालक जोहरच्या नमाजला गेले होते आणि वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा गल्ल्यावर होता. मी एक कार्ड उचललं. पुढे कुठल्याशा गावाचा पूल, मागे जांभळट शाईत सात-आठ ओळी, घाईच्या अक्षरात. नकळत मी ओठ हलवायला लागले. मुलगा बघत होता. फोनवर काहीतरी टाइप करून माझ्यासमोर धरलं, "तुम्ही हे वाचू शकता?"

मी म्हणाले, वाचू शकते, पण कळत नाही.

तो म्हणाला, मला कळेल, पण वाचता येत नाही.

मग आम्ही दोघं स्टुलावर बसलो. पहिला शब्द : सीन, वाव, काफ, ये, लाम, ये. "सोकीली?" मी म्हणाले. त्याने मान हलवली. "सूकीली? सवकीली?" तो एकदम ओरडला, "सेवगिली!" प्रिय. उर्दूत आपण गाफला काफहून वेगळं दाखवायला वरती जास्तीची रेघ देतो, जुन्या तुर्कीत बहुतेक वेळा ती देतच नसत, म्हणून मी अडकले होते. पुढचा शब्द मला अर्धा कळला : वालिदा, आणि शेवटी मीम. "वाल्देम," तो म्हणाला. माझी आई. सेवगिली वाल्देम. प्रिय अम्मी.

सलाम आणि दुआ हे शब्द दोघांनीही एकदमच वाचले. मधे एक छोटा शब्द आला, क़ाफ, अलिफ, रे. मला वाटलं 'कार', म्हणजे काम. तो हसला, बाहेर आभाळाकडे बोट केलं, वरून बोटं भुरभुरत खाली आणली. बर्फ! तुर्कीत कार म्हणजे बर्फ. कुणाचा तरी मुलगा अम्मीला लिहीत होता की इथे बर्फ पडतोय. मधल्या दोन ओळी आम्हाला दोघांनाही लागल्या नाहीत. शेवटच्या ओळीचं मी अडखळत "अल... अल-लर..." एवढंच म्हणाले आणि त्याने पुढचं सगळं स्वतःच म्हणून टाकलं, "एल्लेरिनिझदेन ओपेरिम." मग मला समजावं म्हणून स्वतःच्या हाताचं चुंबन घेतलं आणि तो हात कपाळाला लावला. तुमच्या हातांचं चुंबन घेतो. ईदच्या दिवशी तो आपल्या आजीला हेच करतो, फोनवर लिहून त्याने सांगितलं. ओळ त्याची रोजची होती. फक्त तिची अक्षरं त्याने पहिल्यांदा पाहिली होती.

मालक आले, चहा आला. कार्ड घ्यावं असं वाटत होतं, पण हात झाला नाही. ते माझ्या घरचं नव्हतं. मुलाने आम्ही लावलेल्या ओळी एका चिठ्ठीवर त्याच्या अक्षरांत लिहिल्या आणि कार्डाच्या पाकिटात घातल्या. मी शेजारच्या दुकानातून मुलांना कुरआनची अक्षरं शिकवायचं 'एलिफ-बा' पुस्तक घेतलं. पातळ, रंगीत, चहाच्या दोन ग्लासांच्या किमतीचं. उर्दूच्या शिक्षिकेने इस्तंबूलला जाऊन अलिफ-बेचं पुस्तक आणलं, यावर स्टाफरूममध्ये खूप हसून झालं.

ते कुणासाठी आणलं हे मी तिथे सांगितलं नाही. इथे सांगते.

माझा मुलगा नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. घरात दखनी बोलतो, बाहेर झकास मराठी, आणि उर्दू शेर आवडले तर इंग्रजी अक्षरांत व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो. कुरआन नाजरा वाचतो, जेर-जबर दिलेले असतील तेवढं. बिना जेर-जबरची उर्दू, तीही हाताने लिहिलेली, त्याला येत नाही. मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना उर्दू शिकवते आहे. पालकसभेत तावातावाने बोलते, की मादरी जुबान सोडू नका, पट कमी होतोय. आणि माझ्या घरात हे. त्याला प्रवेश घेताना मीही तोच विचार केला जो सगळे पालक करतात. तो विचार चुकीचा होता असं मी आजही म्हणू शकत नाही. पण "घरी शिकवीन" असं मी स्वतःला जे वचन दिलं होतं, ते दहा वर्षं "पुढच्या सुट्टीत"वर ढकललं. इथे कुणी कायदा केला नव्हता.

आणि हे फक्त आमचं आहे असंही नाही. केशर द्यायला गेले तेव्हा काकूंना हे सगळं सांगितलं. त्या आत जाऊन एक कापडी बस्ता घेऊन आल्या. सासऱ्यांच्या आजोबांचे मोडीतले कागद. "जमिनीचे आहेत की पत्रं, आम्हाला काय माहीत? मोडी वाचणारा कुठे शोधायचा? फेकवत नाहीत म्हणून ठेवलेत." मग डबी उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "हे मात्र अस्सल दिसतंय."

बुधवारची गोष्ट राहिली. शेवटच्या दिवशी फातेह भागात चार्शाम्बाचा बाजार भरतो. चार्शाम्बा म्हणजे बुधवार, आपल्या जुन्या उर्दूतला चहारशंबा. भाज्या, जैतून, पनीर, भांडी, आणि ओरडणारे विक्रेते. तुम्हाला तुर्की माणसं बाजार कसा करतात ते पाहायचं असेल तर इथे जा. अम्मीसाठी पांढरा मलमली रुमाल तिथेच मिळाला, काठाला सुईने विणलेली बारीक फुलं. त्याला ओया म्हणतात. विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईने तो घडी करून देताना म्हटलं, "ग्युले ग्युले कुल्लान." हसत हसत वापर. अम्मी आता नमाजला तोच घेतात.

जर्सी राहिली. चांगली महाग होती, स्वस्त होती ती पहिल्या धुण्यात जाईल अशी. मुलगा दोन दिवस फुगला होता.

तिसऱ्या दिवशी मी कपाटातून अब्बांच्या दुकानाची वही काढली. लाल कापडी बांधणीची. आकडे देवनागरीत, नावं आणि तपशील उर्दूत, गिऱ्हाईक उभं असताना लिहिलेल्या त्या पळत्या अक्षरात. त्याच्या बाजूला एलिफ-बाचं पुस्तक ठेवलं. त्यात टे, डाल, ड़े नाहीत, अरबीत ते आवाजच नसतात, म्हणून त्या त्या पानावर मी पेनने लिहिले होते. मुलाला म्हटलं, "जर्सी नाही आणली, पण दादाअब्बांनी कुणाकुणाची उधारी सोडून दिली ते यात आहे. मी वाचते अक्षरं, तू सांग शब्द."

पहिल्या पानावर वर एकच शब्द होता. हे, सीन, अलिफ, बे. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "हिसाब?"

"हौ," मी म्हटलं. "आगे."

आठवड्यातून तीन दिवस बसतो. चौथ्या पानावर आहोत.